आपल्या छपराचे पाणी

पंढरीच्या वाटेवरील सज्जनहो, या महिन्यात एका अगदी साध्या गोष्टीचा विचार आपणांपुढे ठेवावा असे योजिले आहे. विषय वेदान्तातला नाही. पावसाच्या पाण्याचा एक तुंबलेला नळ आणि ओल धरलेली एक भिंत, एवढाच तो आहे. हे वाचून कोणी म्हणेल, मासिकाची पाने आता गवंडीकामाला दिली की काय? पण त्या नळाने आम्हांला जो प्रश्न विचारला तो कीर्तनाच्या पूर्वरंगात घेण्याजोगा आहे. प्रश्न असा: आपल्या छपरावर पडलेले पाणी कोठवर आपले? छपराच्या काठापर्यंत, नळाच्या तोंडापर्यंत, की त्याच्याही पुढे?

हकीगत आमच्याच दिंडीच्या मठाची आहे, म्हणून दोष कोणाला लावायचा झाला तर तो आमचा आम्हांलाच लागतो. पंढरपुरातील जुने बोळ आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे एवढे ते अरुंद. अशाच एका चार फुटी बोळात आमच्या मठाची मागची भिंत आहे. दगड आणि पांढऱ्या मातीची, दोन फूट जाडीची, वाडवडिलांच्या वेळची. पूर्वी वर माळवद होते आणि त्याच्या लाकडी पन्हळी भिंतीपासून हातभर बाहेर आलेल्या होत्या. पाणी भिंतीला न शिवता बोळाच्या मधोमध पडे आणि उताराने वाहून जाई. पुढे माळवद गळू लागले म्हणून ते काढून स्लॅब टाकला, पन्हळी गेल्या, आणि गच्चीचे सगळे पाणी एका ओतीव लोखंडी नळातून खाली आणले. त्याच वेळी मातीच्या भिंतीवर बाहेरून सिमेंटचा गिलावा चढविला. आता पुढची शंभर वर्षे बघायला नको, असे त्या वेळी आम्ही सर्वांनी म्हटले होते.

त्यानंतर दरवर्षी आषाढीच्या आधी आम्ही मठाला रंग देत आलो. दुरून माणसे येतात, चार दिवस भजन, काला, पंगती होतात, तेव्हा वास्तू स्वच्छ दिसावी यात वावगे काही नाही. परंतु आमच्या त्या भागाचा पाऊस कसा असतो ते वाचकांना ठाऊक आहे. आषाढीला पंढरपुरात बहुधा भुरभुर असते. जोराचा पाऊस येतो तो भाद्रपदात आणि आश्विनात, उत्तरा-हस्ताला. म्हणजे भिंत पाहणारे जेव्हा येतात तेव्हा ती कोरडी आणि रंगलेली, आणि भिंत भिजते तेव्हा पाहणारे आपापल्या गावी पेरणी-काढणीत गुंतलेले. कार्तिकीला आलो की भिंतीवर तपकिरी डाग, पोपडे आणि पांढरा लोणा दिसे. मग आम्ही पोपडे खरवडून वरून एक हात फिरवीत असू. असे एकदोन नव्हे, आठ वर्षे चालले.

नवव्या वर्षी भिंतीला फुगारा आला. गवंडी बोलाविला. त्याने ओळंबा लावून पाहिला, भिंतीवर बोटाने ठोकून पाहिले आणि म्हणाला, "बुवा, दुखणं भिंतीचं न्हाई. नळाचं हाय. तुमी इतकी वर्सं रोग्याचं त्वांड धुवत बसलाय."

त्याने आम्हांला जे दाखविले ते सांगणे जरूर आहे, कारण पुढचा विचार त्यावर उभा आहे. डाग होता जमिनीपासून बारा फुटांवर, म्हणून आमची नजर नेहमी तेथेच. खोट होती अगदी तळाशी. बोळात वरचेवर फरश्या आणि काँक्रीट पडून जमीन वर आली होती आणि नळाचे खालचे तोंड अर्धे गाडले गेले होते. वरून पिंपळाची पाने, जुन्या पताकांच्या चिंध्या, चहाचे कागदी पेले वाहून येत आणि त्या अर्ध्या तोंडाशी अडकून बसत. पाऊस आला की पाणी खालून निघेना, ते नळातच उभे राही. उभे राहता राहता दुसऱ्या सांध्यापर्यंत चढे, आणि सांधा ढिला असल्यामुळे तेथून भिंतीवर धार लागे. नळ भिंतीला चिकटवून बसविलेला, त्यामुळे त्याच्या मागच्या अंगाला कधी रंगाचा कुंचला पोचलाच नव्हता. तो तेथे गंजून सडला होता. सिमेंटच्या गिलाव्याला केसासारख्या चिरा पडल्या होत्या. त्यांतून पाणी आत शिरे, पण सिमेंट आणि वरचा तेलकट रंग त्याला बाहेर पडू देईना. आतली पांढरी माती वर्षानुवर्षे चिखल होऊन बसत होती. म्हणजे ज्या रंगाने आम्ही भिंतीची लाज राखली असे समजत होतो, त्याच रंगाने तिचा श्वास कोंडला होता.

पाणी किती, याचाही हिशेब आम्ही कधी केला नव्हता. आमची गच्ची तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद. तिच्यावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे चौदाशे लिटर पाणी होते. पंधरा लिटरच्या नव्वदांवर घागरी. हस्ताच्या एका सरीत एवढे पाणी त्या एका नळाच्या तोंडाशी येते. तोंड बंद असेल तर ते कोठेतरी जाणारच.

ते कोठे जात होते, हे आम्ही गवंड्याला विचारले. त्याने बोळाच्या पलीकडे बोट दाखविले.

पलीकडे एका वृद्ध बाईंचे घर आहे. एकट्याच असतात. घर कच्च्या विटांचे. आमच्या सांध्यातून उडणारे आणि तुंबलेल्या गटारातून चढणारे पाणी त्यांच्या जोत्याशी जाऊन मुरत होते. भिंतीचा पाया वीतभर खाल्ला गेला होता. आत जाऊन पाहिले तो धान्याचा पिंप विटांवर चढविलेला आणि अंथरूण तिसऱ्या कोपऱ्यात हलविलेले. आम्ही म्हटले, "मावशी, इतकी वर्षे तुम्ही एका शब्दाने बोलला नाही?"

त्या म्हणाल्या, "काय बोलू बाबा? तुमी माळकरी मानसं. चार दिस येता, देवाचं नाव घेता. त्यात माझं पान्याचं गाऱ्हानं कुटं सांगू? माळवाल्याला बोललं तर मलाच पाप लागंल."

वाचकहो, हे ऐकून आमच्यापैकी एकालाही वर पाहवेना. गळ्यातली तुळशीची माळ ही नम्रतेची खूण. आपल्याकडे कोणीही निःशंक यावे, आपला कान धरावा, यासाठी ती घालावयाची. ती पाहून एका गरीब बाईचे तोंड बंद व्हावे, आणि त्या बंद तोंडाच्या आड आमचे पाणी तिच्या घरात शिरावे! कोणी शिवी दिली असती तर इतके लागले नसते.

त्या रात्री व्यवस्था पाहणारे आम्ही पाच जण बसलो. तेथे जी मते निघाली ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही, कारण तीच मते आपल्या सर्वांच्या मनात कधी ना कधी येतात.

पहिले मत असे की पाऊस पाडणारा पांडुरंग. आम्ही कोणाच्या घरात पाणी ओतायला गेलो नाही. आम्ही काही केलेच नाही, तर दोष कसला? ऐकावयास हे गोड वाटते. पण पांडुरंगाने जे पाणी दिले ते सगळ्या गावावर सारखे, थेंबाथेंबाने दिले. ते सहाशे चौरस फुटांवर गोळा करून एका तोंडाशी आणण्याची योजना देवाची नव्हे, आमची. पाऊस देवाचा खरा, पण नळ आमचा. आणि "आम्ही काही केले नाही" हेच तर गाऱ्हाणे आहे! नळ साफ केला नाही, तोंड मोकळे केले नाही, आठ वर्षांत एकदाही बोळात जाऊन पाहिले नाही. आपण पापाचा हिशेब करतो तो केलेल्या गोष्टींचा. न केलेल्या गोष्टी त्या वहीत चढतच नाहीत, म्हणून ती वही नेहमी बरी दिसते.

दुसरे मत कायद्याचे निघाले. आमच्यातील एक टाळकरी वकिली करून निवृत्त झालेले आहेत. एकाने त्यांना विचारले, "अण्णा, पाणी त्या बोळात कित्येक वर्षे पडते आहे. ती आपली वहिवाट झाली ना?" अण्णांनी सांगितले ते असे. १८८२ साली झालेल्या सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वहिवाट केली तर तसा हक्क मिळू शकतो. छपराचे पाणी शेजाऱ्याच्या जागेत सोडण्याचा हक्कही त्या जातीचा आहे. हे ऐकून काही चेहरे खुलले. अण्णा पुढे म्हणाले, "पण घाई करू नका माउली. त्याच कायद्यात असेही आहे की असा हक्क एखाद्या बांधलेल्या कामाच्या द्वारे भोगला जात असेल, आणि त्या कामाची दुरुस्ती न केल्यामुळे दुसऱ्याच्या मिळकतीचे नुकसान झाले, तर भरपाई हक्क भोगणाऱ्याने करायची." मग कोणी बोलले नाही. आम्हांला वाटते, संतांच्या दारात वर्षानुवर्षे बसणाऱ्यांनी सरकारी कायद्याच्या मागे उभे राहावे ही शोभेची गोष्ट नाही. कायदा निदान दुरुस्तीपर्यंत तरी आला होता. आम्ही वहिवाटीपाशीच थांबलो होतो.

तिसरे मत पैशाचे, आणि ते खरोखर विचार करण्यासारखे होते. मठाच्या पेटीत त्या वेळी जी रक्कम होती ती एका भाविकाने रंगासाठी म्हणून दिलेली. दुसरी रक्कम अन्नदानाची. रंगाचे पैसे नळात घालावेत काय? अन्नदानाचे पैसे शेजारणीच्या भिंतीला लावावेत काय? देणाऱ्याने ज्या हेतूने दिले तो हेतू मोडणे हा विश्वासघातच. शिवाय असेही दिसते की रंगाला, कळसाला, संगमरवरी पाटीला देणारा मिळतो. गटार उपसायला कोणी देत नाही. रंगावर सगळ्यांची नजर जाते, आणि उपसलेले गटार कोणी बघायला येत नाही.

आमचा निर्णय असा झाला. रंगाचे पैसे ज्यांनी दिले त्यांच्या गावी जाऊन त्यांनाच विचारावे. ते साधे शेतकरी आहेत. ऐकून घेऊन एवढेच म्हणाले, "भिंत राहिली तर रंग. आधी नळ करा." अन्नदानाला हात लावायचा नाही, कारण तो घास दुसऱ्याचा आहे. आणि शेजारच्या घराचा खर्च मठाच्या पेटीतून न काढता आम्ही पाच जणांनी आपापल्या खिशातून करावयाचा. चूक मठाची नव्हती, दिंडीतल्या शेकडो माणसांचीही नव्हती; किल्ली ज्यांच्या कमरेला होती त्यांची होती.

पैसे घेऊन गेलो तर मावशी घेईनात. "धरमाचं नगं मला. अजून हातपाय चालत्यात," म्हणाल्या. या एका वाक्याने आमचे डोळे पुन्हा उघडले. आम्ही नकळत दानशूर होऊन तेथे गेलो होतो. अगोदर नुकसान करावे आणि नंतर त्यावर पुण्यही जोडावे, असा तो प्रकार! आमच्यातील विणेकरी बुवांनी तेथेच हात जोडले आणि म्हणाले, "माय, हे दान न्हवं, हे तुमचं देणं आहे. आठ वर्षांचं थकलेलं. घेतलं तर आम्ही मोकळे होऊ." तेव्हा कोठे त्यांनी होकार दिला, तोही या अटीवर की गवंड्याला दुपारची भाकरी त्या देतील.

दान आणि देणे यांतला हा भेद आम्हांला फार मोलाचा वाटतो. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. देणे फेडताना फेडणारा खाली मान घालून उभा असतो. आपल्या हयगयीने ज्याचे नुकसान झाले त्याला काही देताना आपण त्याला दान म्हणतो तेव्हा एकदा त्याचे घर पोखरलेले असते, आणि दुसऱ्यांदा त्याचा मान.

येथे चोखोबांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा आणि त्यांच्याबरोबरचे मजूर गाडले गेले, असे परंपरा सांगते. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ ची ही गोष्ट. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी केली. आपण दर वारीला तेथे माथा टेकतो. पण माथा टेकताना एवढे ध्यानात यावे की भिंत पडते तेव्हा ती बहुधा हुकूम देणाऱ्यावर पडत नाही. ज्याचा तिच्यावर काही अधिकार चालत नाही तोच तिच्याखाली सापडतो. आमची भिंत बोळात कोसळली असती तर आम्ही पाच जण तेव्हा आपापल्या गावी असतो. पलीकडे अंथरूण होते एकट्या मावशींचे.

कोणी विचारील, नाम घेणाऱ्याने अशा प्रपंचात किती शिरावे? नामात सगळे आले, मग नळाची काळजी तो वाहणार नाही काय? या प्रश्नाची आम्ही थट्टा करीत नाही. नामावाचून आम्हांला दुसरा आधार नाही. परंतु नाम घेतल्याने मन निर्मळ होते याची खूण काय? आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास आपल्याला दिसू लागणे, ही एक खूण तरी असलीच पाहिजे. आठ वर्षे त्या भिंतीच्या आत हरिपाठ होत होता आणि बाहेर पाणी तिच्यातून पलीकडे जात होते. हरिपाठात कमी काही नव्हते. आम्ही भजन संपल्यावर दार उघडून बोळात गेलो नाही, एवढेच कमी होते. आळंदीस माउलींनी भिंत चालविली. तो त्यांचा अधिकार. आपल्यासारख्यांनी निदान भिंत उभी ठेवावी, आणि ती दुसऱ्याच्या अंगावर जाणार नाही इतके पाहावे.

आता दुरुस्ती कशी झाली ते थोडक्यात सांगतो. कोणाच्या उपयोगी पडेल. आधी नळाचे खालचे तोंड खणून मोकळे केले. नळ बदलून नवा बसविला तो भिंतीपासून दोन इंच सुटा, म्हणजे मागचे अंग वाळते आणि नजरेसही पडते. तळाशी झाकणाचे एक तोंड ठेवले, की कचरा तेथूनच काढता यावा. खाली फरशीला उतार देऊन पाणी थेट गटारात नेले. वर गच्चीत तोंडाला जाळीची टोपी घातली. मग गच्चीवरून दहा घागरी ओतल्या आणि खाली मावशींनाच पाहायला उभे केले. त्या "बरं चाललंय" म्हणाल्या तेव्हा नळ पास झाला.

नंतर भिंत. सुटलेला सिमेंटचा गिलावा घट्ट भाग लागेपर्यंत काढला. लोणा पाण्याने धुतला तर पुन्हा आत जातो, म्हणून कोरड्या कुंचल्याने झाडून बाहेर टाकला. फुगलेला भाग उतरवून पुन्हा रचला. मग गवंड्याने हात झटकले आणि म्हणाला, "आता वाळू द्या." किती दिवस? जुन्या कामाचा ढोबळ अडाखा असा की इंचभर जाडीला एक महिना. दोन फुटी भिंत दोन्ही अंगांनी वाळली तरी वर्ष गेले. त्यानंतर दरजा भरून भिजवून मुरविलेल्या चुन्याचा गिलावा केला आणि वर चुन्याचीच सफेदी दिली, कारण चुना आतली ओल बाहेर जाऊ देतो. पलीकडच्या घराचे जोते दगडाने बांधून काढले.

मधली एक आषाढी मठाची मागची भिंत उघडी, खडबडीत, दगड-माती दाखवीत उभी होती. दिंडीतल्या काही मंडळींना ते लागले. "यंदा मठाला रंग नाही, लोक काय म्हणतील?" असे ते म्हणाले. आम्ही त्यांना बोळात नेऊन सर्व दाखविले. खरे सांगावयाचे तर आम्हांला स्वतःलाही ते वर्ष जड गेले. झाकावयाची सवय लागलेल्या माणसाला उघडे राहणे कठीण असते. पण ओल जावयाची तर भिंत उघडीच ठेवावी लागते, याला दुसरा उपाय गवंड्याजवळ नव्हता. आणि आमच्या समजुतीने मनातल्या खोटीलाही नाही. चूक ज्याची केली त्याच्यापुढे ती कबूल करावी, कारण काढून टाकावे, आणि मग सुकायला वेळ द्यावा. लगेच वरून रंग देऊ नये.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला जे सुचले ते असे. आपण जे गोळा केले ते, कोणाला न दुखविता वाटेला लागेपर्यंत, आपलेच आहे. हे पाण्याचे झाले, तसेच पैशाचे, शब्दाचे आणि मानाचेही. ज्याच्याजवळ जास्त गोळा होते त्याचा नळ जास्त रुंद आणि जास्त मोकळा असला पाहिजे.

शेवटी एक विनंती. मृगाच्या आधी एकदा आपापल्या छपरावर चढून पाहा, नळाची पाने काढा. मग खाली उतरून शेजाऱ्याच्या अंगणात जा आणि त्याला विचारा की आमचे पाणी तुमच्याकडे येते का. आपल्या अंगणातून हे कधी दिसत नाही. आणि वारीत ज्यांच्या ओसरीवर आपण उतरतो, ज्यांच्या दारातून आपली दिंडी जाते, त्यांनाही विचारा. तुळशीच्या माळेकडे पाहून ते गप्प बसले असतील. त्यांना बोलते करणे हे आपले काम आहे.

रामकृष्ण हरि.